नाडीचा आकडा ओळखा

दवाखान्यात येणारे बहुतेक मध्यमवयीन रुग्ण आपले ब्लडप्रेशर आणि साखर तोंडपाठ सांगतात. नाडीचे ठोके मिनिटाला किती पडतात, असे विचारले की मात्र गप्प होतात. जी तपासणी फुकट होते तिची आपल्याकडे किंमत नाही, हेच खरे.

प्रौढ माणसाची विश्रांतीच्या वेळची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. '७२ म्हणजे उत्तम, बाकी सारे आजारी' हा समज चुकीचा आहे. नियमित पळणाऱ्या तरुणाची किंवा कष्टाची सवय असलेल्या शेतकऱ्याची नाडी ५० ते ६० असू शकते. कमावलेले हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनीही नाडी मंदावते. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

मला खरी चिंता वाटते ती वाढलेल्या नाडीची. 'छातीत धडधडते' म्हणणाऱ्या बाईला घरचे लोक 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणतात आणि एखादे टॉनिक आणून देतात. बसल्या जागी नाडी सतत १०० च्या वर असेल तर त्यामागे रक्ताची कमतरता, थायरॉईड ग्रंथीचे वाढलेले काम, ताप किंवा हृदयविकार असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. तेव्हा मनाला दोष देण्याआधी निदान हिमोग्लोबिन तरी तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाडी मोजणे अगदी सोपे आहे. सकाळी चहा-तंबाखूच्या आधी पाच मिनिटे शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचेच ठोके हाताला लागतात. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. असे आठवडाभर करून आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर त्यावरही ऑक्सिजनसोबत नाडीचा आकडा दिसतो. पण ठोक्यांची लय बोटांना जास्त चांगली कळते.

नाडी सतत १०० च्या वर राहिली, ५० च्या खाली जाऊन थकवा येऊ लागला, किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. अनियमित नाडीच्या एका प्रकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. सोबत छातीत दुखणे, दम लागणे किंवा भोवळ असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आपला नेहमीचा आकडा ठाऊक असावा. तो ठाऊक असला तरच बदल लवकर लक्षात येतो.