सभ्यतेचें मौन

आमच्या मध्यम वर्गाच्या घरांत कोणत्या विषयावर बोलावें यापेक्षां कोणत्या विषयावर बोलूं नये याचें शिक्षण अधिक कसोशीनें दिलें जातें. या शिक्षणास आम्ही सभ्यता म्हणतों. तिची किंमत कोण मोजतें, हें दाखवावयास एकच उदाहरण पुरेसें आहे.

बाळंतपणानंतर किंवा चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर कित्येक स्त्रियांना हंसतांना, खोकतांना, शिंकतांना, भरलेली बादली उचलतांना लघवी आवरत नाहीं. प्रकार चार थेंबांचा. पण त्यापायीं सारा दिनक्रम पालटतो. लांबच्या प्रवासाच्या दिवशीं ती बाई सकाळपासून पाणी पीत नाहीं. लग्नसमारंभांत दाराजवळची जागा धरते. हळदीकुंकवाचें बोलावणें टाळते, आणि मैत्रिणींत हंशा पिकला कीं एकटी ओठ आवळून बसते. लोक म्हणतात, बाई हल्लीं माणूसघाणी झाली. खरें कारण ती नवऱ्यास सांगत नाहीं, आईस सांगत नाहीं, डॉक्टरांसहि सांगत नाहीं. कारण हें संकट साऱ्या जगांत आपल्या एकटीच्याच वांट्यास आलें, अशी तिची खात्री असते.

ही खात्री सपशेल खोटी आहे. नॉर्वे देशाच्या एका परगण्यांत १९९५ ते १९९७ या काळांत सुमारें २८ हजार स्त्रियांकडून या प्रश्नाचें उत्तर घेण्यांत आलें, आणि त्यांतील शेंकडा २५ जणींनीं आपणांस हा त्रास असल्याचें कळविलें. चारांत एक! परदेशचा आंकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावतां येणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु प्रसूति आणि वय हीं कारणें कांहीं एका देशाच्या मालकीचीं नव्हेत. ज्या हळदीकुंकवाला ही जावयास भिते, तेथें तिच्यासारखीच आणखी एखादी ओठ आवळून बसलेली असण्याचा संभव मोठा आहे. दोघी एकमेकींपासून तेंच गुपित लपवीत असतात.

यावर सभ्य गृहस्थ विचारतील, "असल्या गोष्टी काय चारचौघांत बोलावयाच्या?" आम्ही त्यांस उलट विचारतों कीं, मधुमेहाच्या गोळ्या भर पंगतींत कोण मोजून घेतो? वडिलांच्या मोतीबिंदूची वार्ता आळीभर कोण करतो? म्हणजे आक्षेप रोगाच्या चर्चेस नसून अवयवास आहे. हा आक्षेप आपल्याकडे जुनाच आहे. 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून शरीराविषयीं उघडपणें लिहिलें म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालीं त्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर कोर्टांत उभे राहिले. कायद्याचा तो धाक आज उरला नाहीं. घरांतला मात्र तसाच आहे.

दुसरा पक्ष याहून घातक आहे. तो म्हणतो, "हें घरोघर असतेंच, बाईच्या जन्माला आल्यावर सोसावयाचेंच." पहिला पक्ष तोंड बंद करितो, हा उपाय बंद करितो. देवीचा रोगहि एके काळीं घरोघर होता. म्हणून लस टोंचावयाची नव्हती काय? सार्वत्रिक असणें निराळें आणि अटळ असणें निराळें. मूत्राशय व गर्भाशय यांस खालून पेलून धरणारे स्नायू प्रसूतींत ताणले जातात व वयाबरोबर शिथिल होतात. ते आंत ओढून धरावे, मग सैल सोडावे, असा व्यायाम अमेरिकेंतील डॉ. आर्नल्ड केगल यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केला. आजहि अशा वेळीं वैद्यक प्रथम तोच सांगतें. तो कांहीं महिने नेमानें केल्यास पुष्कळ जणींचा त्रास कमी होतो. ज्यांचा होत नाहीं त्यांच्यासाठीं शस्त्रक्रियाहि आहे. क्वचित् मूळ कारण मूत्रमार्गाचा जंतुदोष किंवा मधुमेह हेंहि असतें. तेव्हां सोसून बसणें म्हणजे तो रोगहि पोसणें होय.

बाळंतिणीस सव्वा महिना काय काय शिकविलें जातें! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, धुरी, तेल लावणें, पोट बांधणें. या पाठांत पांच मिनिटांच्या त्या व्यायामास जागा नाहीं. कारण तो शिकविण्यापूर्वीं आईला किंवा सासूला स्वतःचीच गोष्ट सांगावी लागेल. आमची मागणी नेमकी तीच आहे. वडीलधाऱ्या स्त्रियांनीं हा विषय आधीं काढावा. डॉक्टरांनीं रोगिणीच्या धैर्याची वाट न पाहतां स्वतः प्रश्न विचारावा. आणि घरांतील पुरुषांनीं तेथून उठून न जातां तें ऐकून घ्यावें. एवढें झालें, तर पुढच्या हळदीकुंकवाला ती बाई जाईल, आणि मोकळेपणानें हंसेल.