सहकाऱ्याचे घड्याळ

पहाटे उठणारा तो उद्योगी आणि सकाळी मंद दिसणारा तो आळशी, असा निवाडा आपल्या समाजात फार जुना आहे. एकत्र काम करणाऱ्या माणसांनी या निवाड्याचा एकदा फेरविचार करावा, असे मला वाटते.

इ. स. १९३८ मध्ये शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन व त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. दोघांनी २८ तासांचा दिवस पाळावयाचा ठरविले : १९ तास जागरण व ९ तास निद्रा. रिचर्डसन यांच्या देहाच्या तपमानाचा चढउतार नव्या दिवसाशी लवकरच जुळला. क्लाइटमन यांचा मात्र अखेरपर्यंत चोवीस तासांनाच धरून राहिला. गुहा एक, वेळापत्रक एक, कार्यही एक. तरी दोन देहांनी दोन उत्तरे दिली.

केवळ दोन माणसांवरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे खरे. परंतु पुढील संशोधनाने देहातील घड्याळाविषयी पुष्कळ माहिती दिली. मेंदूच्या तळाशी असलेला चेतापेशींचा एक लहानसा पुंज शरीराची दैनिक लय राखतो व उजेड ते घड्याळ रोज लावून देतो. १९७१ मध्ये कोनोप्का व बेन्झर यांनी दाखविले की, एकाच जनुकातील निरनिराळ्या बदलांमुळे फळमाशीची लय कधी १९ तासांची, कधी २८ तासांची होते, तर कधी पार नाहीशी होते. या लयीची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांतही कोणी प्रातःकाळी टवटवीत असतो, कोणी सायंकाळी, आणि बहुतेक लोक या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात. वयानुसारही हे बदलते : तारुण्याच्या उंबरठ्यावर लय उशिराकडे झुकते, उतारवयात ती पुन्हा लवकर येते.

आपण मात्र या भेदाची नोंद स्वभावाच्या खात्यावर करतो. हा दोष माझ्याही हातून घडला आहे. माझ्यासोबत मुद्रिते तपासणारे एक गृहस्थ सकाळी अबोल असत आणि त्यांच्या नजरेतून चुका निसटत. मी त्यांच्यावर बेपर्वाईचा शिक्का मारला होता. तेच गृहस्थ दुपारनंतर माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका शोधून काढीत, ही गोष्ट मी कधी हिशेबात धरली नाही. पुढे आम्ही सकाळी शब्दसूची लावण्याचे काम त्यांच्याकडे दिले आणि मुद्रिते दुपारवर ठेवली. त्यांचे काम सुधारले. त्याहून अधिक म्हणजे आमच्यातील अढी गेली.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येकाच्या तब्येतीप्रमाणे कचेरी चालवू लागलो तर शिस्त कशी राहील? आक्षेप रास्त आहे. घड्याळ निराळे असणे ही कर्तव्यातून सुटण्याची सबब नव्हे. आणि रुग्णालयातील परिचारिकेला किंवा आगगाडीच्या चालकाला वेळ निवडण्याची मुभा फारशी नसते. परंतु जेथे काम पुढेमागे करता येते, तेथे तरी दिवसाच्या मध्यभागी काही तास सर्वांनी एकत्र काम करावे, चर्चा व निर्णय तेव्हाच उरकावेत, आणि बारकाईचे काम ज्याने त्याने आपल्या हुशारीच्या वेळी करावे. पाळ्या लावणाऱ्यानेही, शक्य तेथे, ज्याला जी पाळी मानवते ती त्याला द्यावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. 'आपले डोके केव्हा चांगले चालते?' एवढा एक प्रश्न सहकाऱ्याला विचारावा लागतो, आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो.

भल्या सकाळी तरतरी वाटणे हा सद्‌गुण नव्हे. तो पुष्कळ अंशी देहाचा योगायोग आहे. ज्याला तो लाभला, त्याने दुसऱ्याला आळशी म्हणण्यापूर्वी सायंकाळपर्यंत वाट पाहावी.