होकार आणि विचार

शाळांच्या वार्षिक स्नेहसंमेलनांत संगीतिका बसविल्या जातात. त्याग, शिस्त, एकजूट यांचा गौरव होतो. पालक टाळ्या वाजवितात, प्रमुख पाहुणे बक्षिसे वाटतात. ही मूल्ये ज्यांच्या तोंडी घातली जातात, त्या मुलांना ती पटली काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जवळजवळ शतकापूर्वी बर्लिनमध्ये हा प्रश्न विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरामुळे नाटककाराला आपली संहिता बदलावी लागली.

बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल ही नावे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे (१९७८) मराठी रसिकांना परिचित आहेत. या दोघांची ‘होय म्हणणारा’ ही शालेय संगीतिका २३ जून १९३० रोजी बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनीच सादर केली. मूळ कथा जपानी नो नाटकातील. ती इंग्रजीवरून जर्मनमध्ये आणण्याचे श्रम एलिझाबेथ हाउप्टमान यांचे. आजारी आईसाठी औषध आणावे म्हणून एक मुलगा गुरुजींच्या मोहिमेबरोबर डोंगर चढू लागतो आणि वाटेत स्वतःच आजारी पडतो. अशाला दरीत लोटावे, परंतु आधी त्याची संमती विचारावी, आणि त्याने ‘होय’च म्हणावे, अशी प्राचीन रूढी. मुलगा ‘होय’ म्हणतो.

या आज्ञाधारकपणाची काही समीक्षकांनी वाहवा केली. नॉयकोल्न या कामगारवस्तीतील कार्ल मार्क्स शाळेच्या विद्यार्थ्यांनी मात्र शंका काढल्या. केवळ रूढी आहे म्हणून मुलाने मरण का पत्करावे? ब्रेख्त यांनी या हरकती नुसत्या ऐकून सोडल्या नाहीत. त्या छापल्या आणि संहिता पुन्हा लिहिली. नव्या ‘होय’मागे गावातील साथीचे सबळ कारण आले. जोडीला ‘नाही म्हणणारा’ हे दुसरे नाटक आले. त्यातील मुलगा रूढी नाकारतो, प्रत्येक नव्या प्रसंगी नव्याने विचार करण्याची रूढी मागतो, आणि सारे त्याच्यासह परत फिरतात. ही दोन्ही नाटके शक्यतो एकत्रच करावीत, असे ब्रेख्त यांनी सुचविले.

यातील मर्म ध्यानी घेतले पाहिजे. समाजासाठी व्यक्तीने झीज सोसावी, हे मूल्य त्यांनी टाकून दिले नाही. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल तरच ‘होय’ला नैतिक किंमत येते, एवढेच त्यांनी मान्य केले. मोकळीक नसेल तेथे त्याग ही वसुली ठरते. आणि वसुली नेहमी दुबळ्याकडूनच होते.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ब्रेख्त आणि वाइल यांना देश सोडावा लागला. शाळेचे प्रमुख फ्रिट्झ कार्सेन यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्या राजवटीला फक्त होकार हवा होता, तिला प्रश्न विचारणारी शाळा परवडणारी नव्हती.

आपल्या शाळांनी संगीतिका अवश्य बसवाव्यात. समूहगायनातून मुले एकमेकांचा सूर सांभाळायला शिकतात, हे शिक्षण मोलाचेच आहे. मात्र तालमीचा एक तास संहितेवरील चर्चेसाठी राखून ठेवावा, आणि मुलांचा आक्षेप रास्त असेल तर संहिता बदलण्याची तयारी शिक्षकांनी दाखवावी. लोकशाहीवरील गाणे पाठ करून घेण्यापेक्षा तिचे शिक्षण या एका तासात अधिक होईल.