गर्भातला जीव आणि उसनवारीचे युद्ध

पौड, पिरंगुट वा हिंजवडी, मुळशी तालुक्यातील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाका. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी दर्शनी भागी दिसेल. कायद्यानेच ती सक्तीची केली आहे. ज्या समाजाला अशी पाटी टांगावी लागते, त्या समाजातील विचारवंत जून २०२२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निवाडा रद्द करताच परक्यांच्या भांडणात हिरिरीने उतरले. एका बाजूस ‘जीव’, दुसऱ्या बाजूस ‘निवड’. मधे जणू काही असूच शकत नाही!

या भांडणातील पहिला पक्ष सत्तेवर असला की काय होते, हे बेळगावच्या एका लेकीने प्राण देऊन दाखविले. दंतवैद्य सविता हलप्पनवार आयर्लंडमधील गॉलवे येथे १७ आठवड्यांच्या गर्भवती असताना रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ वाचणार नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होते. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून गर्भपात नाकारण्यात आला. हा कॅथलिक देश आहे, असे आपण सवितांना म्हणाल्याचे तेथील एका सुईणीने पुढे चौकशीत मान्य केले. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी रक्तातील जंतुसंसर्गाने सविता गेल्या. त्यानंतर २०१८ च्या सार्वमतात आयरिश जनतेने ती घटनादुरुस्तीच उखडून टाकली. एका हिंदू स्त्रीवर परक्या पंथाची आज्ञा लादली गेली, आणि आपल्याकडील मानवाधिकारवाल्यांना त्यात धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न काही दिसला नाही.

मग ‘निवड’वाल्यांची वाट धरावी काय? महाराष्ट्रात ती निवड कशी झाली, ते जनगणना सांगते. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४. पुणे जिल्ह्यात ९०२ वरून ८८३. बीडमध्ये तर ८०७! या गर्भपातांच्या कागदांवर स्त्रीची संमती रीतसर नोंदलेली असणार. सासूच्या धाकाने दिलेल्या संमतीला ‘निवड’ म्हणायचे असेल, तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही. अर्थात एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तो मुंबईतील स्त्री-संघटनांच्या रेट्यामुळे. आणि केंद्राचा कायदा कागदावरच राहिला, तेव्हा २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले ते सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज. त्यांच्याशी आमचे मतभेद पदोपदी आहेत. परंतु त्या दिवशी धर्माचे काम त्यांनी केले आणि धर्माचे ठेकेदार मठांत बसून राहिले.

विज्ञानाकडे बोट दाखविणेही व्यर्थ. ग्लासगोच्या ज्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी गर्भाचे दर्शन जगाला घडविले, ते स्वतः गर्भपाताचे कडवे विरोधक होते. त्यांनी गर्भ पाहिला. आपण त्याचे लिंग पाहिले. यंत्र तेच.

आपली परंपरा या द्वंद्वात अडकलेली नाही. सुश्रुताने मूढगर्भाच्या चिकित्सेत सांगितले, की सजीव गर्भावर शस्त्र चालवू नये. पण मृत गर्भ क्षणभरही उपेक्षू नये, कारण तो मातेला मारतो. गर्भाचा आदर आणि मातेचे रक्षण एकाच वैद्याच्या हाती सोपविलेले आहे. मनुस्मृतीत तर ज्याचे लिंग कळलेले नाही, अशा गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. टीकाकार म्हणतील, तो मुलगा असू शकतो म्हणूनच. असेलही, पुत्रमोह आमच्या ग्रंथांत नाही, असा दावा पुंसवन संस्कार ठाऊक असलेला कोणी करणार नाही. तरीही त्या अज्ञानाच्या कवचाखाली मुलगीही सुरक्षित होती. ते कवच यंत्राने फोडले आणि १९९४ चा कायदा ते पुन्हा घालू पाहतो आहे. मातेच्या प्राणासाठी, वा गर्भातील गंभीर व्यंगासाठी गर्भपाताची वाट खुली असावीच. २००८ साली निकेता मेहता यांना मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. गंभीर व्यंगाच्या बाबतीत ती शिथिल व्हायला २०२१ साल उजाडले.

आता मुळशीकडे वळू. १९२१ साली याच खोऱ्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीसाठी सत्याग्रहाला बसले. आज तीच जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा दिला. २००५ मध्ये केंद्रानेही. जमिनीचा भाव कोटीत गेला आणि मुलगी हुंड्याच्या ओझ्याबरोबर वाटेकरीही झाली. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणारा भाऊ आणि गर्भातच वाटेकरी टाळणारा बाप, यांच्यातील अंतर फारसे नाही. दारिद्र्य हे याचे कारण नाही. म्हणून ‘विकास’ हे औषधही नाही.

गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. पंगतीला यजमान असतो आणि त्या यजमानाला व्यासपीठावर नारळ दिला जातो. त्या यजमानाच्या घरी हे घडल्याची गावात कुजबुज असेल, तर कीर्तनकाराने तो नारळ देण्यास नकार द्यावा. असा नकार एखाद्या महाराजांनी मुळशीत एकदा देऊन दाखवावा.