लेखकाच्या शब्दालाही पुरावा

फिलिप रॉथ यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ कादंबरीचा नायक समीक्षक अनातोल ब्रोयार्ड यांच्यावर बेतला असावा, असे मत इंग्रजी विकिपीडियावर नोंदले गेले होते. ते चूक असल्याचे रॉथ यांनी कळवले. उत्तर आले, की तुमचे म्हणणे मान्य, पण दुय्यम स्रोत हवा. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी ‘द न्यूयॉर्कर’मधून खुले पत्र लिहिले. कथेची ठिणगी त्यांचे मित्र, प्रिन्स्टनचे प्राध्यापक मेल्विन ट्युमिन यांच्या अनुभवातून पडली होती. ते पत्रच मग संदर्भ ठरले.

या प्रसंगाला पुष्कळ जण हसले. मला मात्र नियम योग्यच वाटतो. ब्रोयार्ड यांच्याशी असलेले साम्य समीक्षकांनी छापील परीक्षणांत दाखवले होते. लेखकाने नाकारले म्हणून ते मत पुसले जाऊ नये. वाचकाला दोन्ही बाजू मिळायला हव्यात. नियम सांगण्याची पद्धत मात्र सौजन्याची हवी. नवख्याचा मजकूर कारण न देता उडवणारा जुना संपादक ज्ञानाचे नुकसानच करतो.

मराठीत हा नियम अधिक जाचतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण आपले तमाशाचे फड, गिरणगावातले लढे, गावांचे इतिहास स्मरणिकांत, जुन्या दिवाळी अंकांत आणि माणसांच्या आठवणींत विखुरलेले आहेत. ते तारीख-पानासह छापणे हे आम्हा नियतकालिकांचे काम आहे. या अंकापासून प्रत्येक मुलाखतीखाली ती कुठे, केव्हा घेतली याची नोंद असेल.