चिकटवहीला पोरखेळ म्हणणाऱ्यांसाठी

"कात्री आणि डिंकाने देवाची सेवा होत नाही." हे वाक्य गेल्या वर्षभरात मी वेगवेगळ्या तोंडून निदान चार वेळा ऐकलं. जळगावात ऐकलं, माहेरी धुळ्याला गेले तेव्हा तिथेही ऐकलं. बोलणारे सगळे पुरुषच होते असं लिहायला मला आवडलं असतं, पण नाही, एक बाईसुद्धा होत्या. म्हणणं असं, की महिला मंडळाने वचनांची कार्डं करावी, आजाऱ्याला नेऊन द्यावी, शब्बाथशाळेच्या मुलांकडून चिकटवह्या करून घ्याव्या, हे सगळं ठीक. वेळ बरा जातो, पोरं गप्प बसतात. पण 'खरी सेवा' म्हणजे उपदेश, उपास, प्रार्थना, सुवार्ता. कागदकाम काय, बायकापोरांचं!

(या ब्लॉगवर येणाऱ्या बऱ्याच मित्रमंडळींना आमची परिभाषा माहीत नसते, म्हणून सांगते. 'मंडळी' म्हणजे चर्चमध्ये जमणारा समुदाय, आणि 'वचन' म्हणजे पवित्र शास्त्रातली एखादी ओळ. चिकटवही म्हणजे चिकटवहीच. हल्ली तिला स्क्रॅपबुक म्हणतात आणि तिप्पट पैसे घेतात.)

तर आज या 'बायकापोरांचं' वर जरा सविस्तर भांडायचं आहे.

पहिली गोष्ट. ज्या पुस्तकातून हे लोक उपदेश करतात, त्याच्या नव्या करारातली निम्म्याहून अधिक पुस्तकं म्हणजे पत्रं आहेत. कुणीतरी कुणालातरी धीर द्यायला लिहिलेली, माणसाच्या हाती पाठवलेली पत्रं. पौल तुरुंगातून तीमथ्याला कळवतो की येताना माझा झगा आण, पुस्तकं आण, आणि चर्मपत्रं तर विसरूच नको. म्हणजे थंडीच्या कपड्यांच्या बरोबरीने त्याला लिहायचं सामान हवं होतं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून बघा. नुसती नावं आहेत! फिबी, प्रिस्का, पर्सिस... कुणी काय कष्ट केले, कुणाच्या घरी मंडळी जमते, कुणाची आई मला आईसारखी. उपदेशाला हा अध्याय फारसा कुणी घेत नाही, कारण त्यात 'मुद्दा' नाही. आणि मध्येच तर्तिय नावाचा लेखनिक स्वतःचं नाव घालून सलाम सांगून जातो. पौलाने सांगितलं, कागदावर उतरवलं तर्तियाने. आता सांगा, त्याची सेवा खरी की खोटी?

बायकांचं काम म्हणून हिणवायचं असेल तर केडगावच्या मुक्तिसदनाकडे बघा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि ते बायबल १९२४ साली छापून बाहेर आलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला, बांधायला आश्रमातल्याच बायका आणि मुली होत्या. कुणी टाकलेल्या, कुणी दुष्काळातून आलेल्या. कागद, शाई, डिंक, दोरा. यापेक्षा मोठं कागदकाम मराठी ख्रिस्ती माणसाने दुसरं कुठलं केलंय?

आता आपल्या खान्देशाकडे येते, कारण माझं खरं दुखणं इथे आहे.

खान्देशी माणसाने तरी कागदाच्या कपट्याला हसू नये. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या जे बोलल्या ते सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर टिपून ठेवलं, म्हणून बहिणाबाई गेल्यावर १९५२ साली ते पुस्तक होऊ शकलं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. नसतं घेतलं तर ते सगळं त्या भिंतींतच राहिलं असतं. त्याआधी अमळनेरला शिक्षक असताना गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. हाताने लिहिलेलं दैनिक! मुलांना धीर द्यायला, चार चांगल्या गोष्टी सांगायला. त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही. आमच्या बायकांनी तेच केलं की तो वेळ घालवणं कसं काय होतं?

आणि आमच्या मंडळ्यांचं कुणी काय टिपून ठेवलं? भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मिशनरी आले, धुळे-अमळनेर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे (हीच संस्था १९४९ पासून 'टीम' झाली). ते मन लावून अहवाल लिहीत, फोटो काढत आणि ते अमेरिकेला पाठवत. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांनी निदान लिहिलं तरी. पण त्या काळच्या मिशनच्या छापील चित्रांखाली काय असतं ते बघा. गोऱ्या माणसाचं पूर्ण नाव, आणि शेजारी नऊवारीत उभ्या बाईखाली नुसतं 'बायबलवूमन'. उन्हातान्हात गावोगाव पायी हिंडलेली बाई, आणि नाव काय तर हुद्दा! ती कुणाची तरी पणजी आहे. कदाचित तुमचीच.

माझ्या आजेसासूबाई अशाच बायबलवूमन. त्यांची एक चिकटवही आमच्याकडे आहे. मूळ वही कुठल्याशा दुकानाच्या हिशेबाची, पहिल्या दोन पानांवर जमा-खर्च तसाच. पुढे सगळी चिकटवाचिकटवी. अमेरिकेतल्या शब्बाथशाळांची मुलं वापरलेली नाताळकार्डं गोळा करून इकडे पाठवत, मागच्या कोऱ्या बाजूवर वचन लिहून ती इथल्या मुलांना बक्षीस देत. तशी सात-आठ कार्डं आहेत. बर्फ, लाल पक्षी, घोड्यांची गाडी... आणि मागे बोरूने स्तोत्र २३! ज्या बाईने जन्मात बर्फ पाहिला नाही तिने त्या बर्फाला शाईने मराठी केलं. पण त्याहून मोलाची आहेत ती मधली पानं. कुणाचा बाप्तिस्मा कधी, कुणाचं लेकरू कशाने गेलं, त्या आईला कुठलं वचन नेऊन दिलं. एका ओळीत एक माणूस. कार्डाचा नमुना कापून त्याचा उरलेला कपटाही शेजारी चिकटवलेला. हा आमच्याकडचा रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. माझ्या माहितीत, त्या बायकांची नावं असलेला दुसरा कागद कुठेही नाही. (ती नावं मी इथे देत नाहीये. घरच्यांची नावं इंटरनेटवर टांगायची नाहीत असा आमच्या घरचा कायदा आहे. वही बघायची तर घरी या, भरीत-पुरी करते.)

यहोशवाच्या पुस्तकात यार्देन ओलांडल्यावर नदीतले बारा दगड उचलून रचायला सांगितलंय. कशासाठी? तर पुढे मुलांनी विचारावं, बाबा हे दगड कसले. मुलांनी विचारायला काहीतरी डोळ्यांसमोर असावं लागतं. माझ्या मुलीने त्या हिशेबाच्या वहीवरून जितके प्रश्न विचारले तितके कुठल्याही उपदेशावरून विचारले नाहीत.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवते, म्हणजे कात्रीवाल्यांना. तुम्ही खूश होऊन मान हलवत असाल म्हणून मुद्दाम.

हल्ली 'बायबल जर्नलिंग' आणि 'फेथ स्क्रॅपबुकिंग' या नावाने तयार संच मिळतात. वॉशी टेप, सोनेरी स्टिकर, इंग्रजी वळणदार अक्षरातली वचनं, सगळं आधीच कापलेलं. आपण फक्त चिकटवायचं आणि फोटो काढायचा. अमेरिकेत १९८० नंतर हा छंद फोफावला. त्याची सुरुवात युटामधल्या मॉर्मन घरांच्या वंशावळी जपण्याच्या सवयीतून झाली, म्हणजे मुळात तीही नावं जपायचीच धडपड. मग कंपन्या आल्या, आणि नावं मागे पडून किनारी उरल्या. आमच्याकडेही तेच चाललंय. नवापूरकडच्या मावची बोलणाऱ्या आजीला इंग्रजीत 'बी स्टिल' लिहिलेलं कार्ड द्यायचं? तिने ते वाचायचं कुणाकडून? शंभर वर्षांपूर्वी ना. वा. टिळकांना कळलं होतं की परक्या चालीवरची भाषांतरित गाणी आपल्या माणसाच्या आत उतरत नाहीत, म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजन आणि कीर्तन हाती घेतलं. (हेच टिळक १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाला आले होते. तिथे कविता म्हणणाऱ्या धरणगावच्या ठोमरे नावाच्या मुलाला पुढे त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं. तो आपला बालकवी!) गाण्याला जे लागू, ते कागदाला का नाही? आपल्याकडे पतंगाचा कागद आहे, झिरमिळ्या आहेत, नाताळच्या चांदणीच्या कामट्या आहेत, रद्दीत गेलेल्या जाड लग्नपत्रिका आहेत. त्यावर ठळक मराठीत वचन लिहा आणि खाली अहिराणीत एवढंच, 'बरं शे ना माय?' ती म्हातारी ते कार्ड उशाखाली ठेवते की नाही बघा.

आणि ते फॉरवर्ड! २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात आमच्या मंडळीतली माणसं एकामागून एक जात होती. घरी जाता येत नव्हतं, मातीलाही चार माणसं. व्हॉट्सॲपवर मेणबत्तीचं तेच चित्र, तेच यशया ४१:१०, तेच 'आर.आय.पी.' खाली वर सरकत राहिलं. वचन खोटं नव्हतं हो. पण ते कुणालाच उद्देशून नव्हतं. गंमत अशी की या फॉरवर्डचा मूळपुरुषही कार्डच आहे. लंडनच्या हेन्री कोलला १८४३ साली सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्याने जॉन हॉर्स्लीकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारभर प्रती छापल्या. ते पहिलं छापील नाताळकार्ड. त्यात अख्खं कुटुंब, लेकरासकट, दारू पिताना दाखवलंय म्हणून दारूबंदीवाले भडकले होते. मला त्या दारूपेक्षा 'सवड नव्हती' हे जास्त टोचतं.

याच्या उलट उदाहरण जर्मनीतल्या हेर्नहूटचं. तिथल्या मोरेव्हियन मंडळीत १७२८ पासून रोजचं एक वचन ठरवायचा प्रघात पडला, १७३१ पासून त्याचं पुस्तक छापून निघू लागलं ते आजही निघतं. आपण ३१ डिसेंबरच्या रात्री थाळीतून जी वचनाची चिठ्ठी उचलतो, ती याच घराण्यातली. पण सुरुवातीला तिथे ते वचन घेऊन माणूस सकाळी दारोदार जाई. वचन सांगे आणि घरात कोण आजारी, कोण अडचणीत ते बघून येई. आपण चिठ्ठी घेतली आणि जाणं सोडलं.

"कार्डाने दवाखान्याचं बिल भरतं का?" हा प्रश्नही मला विचारला गेला. नाही भरत. ज्या घरी चूल पेटली नाही तिथे ग्लिटरचं कार्ड घेऊन जाणं हा अपमान आहे. डबा आधी, मग कार्ड. पण मला सांगा, उपदेशाने तरी कुठे बिल भरतं? तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही! डबा दोन तासांत रिकामा होतो आणि धुवून परत येतो. कार्ड तिथे राहतं, आणि रात्री तीन वाजता, माणसं निघून गेल्यावर वाचलं जातं. हे मी नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी अनुभवलंय. कार्ड बेढब होतं, 'परमेश्वर'मधली मात्रा दुसऱ्याच अक्षरावर होती. शब्बाथशाळेतल्या एका आठ वर्षांच्या मुलाने केलेलं. खाली लिहिलं होतं, काका मी तुमच्यासाठी रोज झोपताना प्रार्थना करतो, पण काल विसरलो. अशी कबुली कुठल्या तयार संचात मिळते?

तेव्हा करणारांसाठी थोडं कामाचं. बायबलच्या पानांवर चिकटवाचिकटवी करू नका. काही वडीलधारे म्हणतात विटाळ होतो. माझं कारण साधं, तो कागद फार पातळ असतो, डिंकाने चुरगळतो आणि मागचं वचन वाचता येत नाही. वेगळी वही घ्या. सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडून फोटो खाते. त्या चिकट पानांच्या तयार अल्बममधून जुने फोटो सोडवा, पण ओढून नको, पानाला घट्ट बसले असतील तर राहू द्या. लॅमिनेशन तर नकोच, परत निघत नाही. मैद्याची खळ स्वस्त खरी, पण तिच्यावर कसर आणि झुरळं तुटून पडतात, चांदणीला वापरा, चिकटवहीला नको. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा वह्या पत्र्याखालच्या माळ्यावरून खाली आणा.

धुळ्याच्या आत्यांना, आणि हे वाचत असलेल्या सगळ्या भावंडांना: मोठ्या पत्र्याच्या पेटीत देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायकांचा जो ग्रुप फोटो आहे, त्यातल्या डावीकडून तिसरीचं आणि मागे उभ्या असलेल्या दोघींचं नाव आत्यांखेरीज कुणालाच माहीत नाही. या रविवारी उपासनेनंतर कुणीतरी त्यांच्याजवळ बसा आणि नावं विचारून फोटोच्या मागे लिहा. पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं.