खाऱ्या पाण्यावरची रोजीरोटी

बारावीचे निकाल लागले, की निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या घराला पुन्हा थोडे शाखेचे रूप येते. ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक कागदांच्या फायली घेऊन येतात. पूर्वी त्यांचे प्रश्न ठरलेले असत. इंजिनिअरिंगला किती कर्ज मिळेल, मेडिकलला तारण काय द्यावे लागेल. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. बाप जरा अवघडून विचारतो, ‘‘मुलगी म्हणते, समुद्राचंच शिकायचंय. माशांवर, कासवांवर फिल्म काढायच्यात. याला काही भवितव्य आहे का हो?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचे दिवस गेले. त्याला नीट उत्तर द्यायला हवे, आणि ‘मनासारखे कर, बाळ’ हे काही उत्तर नव्हे.

आधी या दोन वाटा वेगळ्या करू. पहिली समुद्रशिक्षणाची. शाळेतल्या मुलांना ओहोटीच्या किनाऱ्यावर नेऊन खडकातले जग दाखवणे, मच्छीमारांशी बोलणे, संग्रहालयात किंवा मत्स्यालयात काम करणे, पाण्याखाली डुबकी मारायला शिकवणे, हे सारे तिच्यात येते. दुसरी वाट वन्यजीव चित्रपटाची. ती बाहेरून दिसते तेवढी एकट्या कॅमेरावाल्याची नसते. विषयाचा शोध घेणारा, ध्वनी मुद्रित करणारा, संकलक, लेखक, परवाने मिळवणारा, होडी सांभाळणारा अशी पुष्कळ माणसे तिच्यात लागतात. बीबीसीची ‘ब्लू प्लॅनेट २’ ही मालिका २०१७ मध्ये आली. तिचे भाग अवघे सात. पण त्यासाठी चार वर्षे, ३९ देश, १२५ मोहिमा आणि पाण्याखालचे ६,००० तास खर्ची पडले. हा व्यवसाय धीराचा आहे, हे या एका हिशेबावरून कळावे.

या दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे एक फ्रेंच माणूस उभा आहे. झाक कुस्तो नौदलातला अधिकारी. १९४३ मध्ये त्याने एमिल गान्यां या अभियंत्याच्या मदतीने पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली मोकळेपणी श्वास घेता येईल असे उपकरण तयार केले. १९५६ मध्ये त्याच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढे ऑस्करही. पण आज तो चित्रपट पाहताना अंगावर काटा येतो. त्यात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवला आहे, चिडलेल्या खलाशांनी शार्क मासे मारले आहेत. हाच कुस्तो पुढे समुद्ररक्षणाचा जगातला सर्वांत मोठा आवाज झाला. कॅमेरा हाती आला म्हणून समुद्र आपल्या मालकीचा होत नाही, हा या धंद्याचा पहिला धडा. तो ज्याला पटत नाही, त्याने दुसरे काहीतरी करावे.

आपल्याकडेही वाट दाखवणारी माणसे आहेत. नरेश बेदी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडले आणि घडियालसुसरीपासून वाघापर्यंत देशातल्या वन्यजीवनाला त्यांनी पडद्यावर आणले. शेखर दत्तात्री किशोरवयातच मद्रासच्या सर्पोद्यानात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. तीच त्यांची शाळा. पुढे ओडिशाच्या किनाऱ्यावर मरणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांवर त्यांनी चित्रपट केला. आणि माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ची गोष्ट तर प्रत्येक शाळेत सांगावी अशी आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अजस्र, पण निरुपद्रवी माशाची कत्तल होत होती. २००० साली हा चित्रपट आला आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. पण कायदा झाला म्हणून जाळ्यात आलेला मासा कोणी सोडून देत नाही. २००४ पासून गुजरातेत वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने लोकांत मोहीम चालवली. मोरारीबापूंनी या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, जाळे कापून मासा सोडणाऱ्याला भरपाई देण्याची सोय झाली, आणि मच्छीमार स्वतःहून मासे सोडू लागले. चित्रपटाने डोळे उघडले, शिक्षणाने हात वळले. दोन्ही वाटांची ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता हिशेबाची बाजू. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला ती चुकवता येत नाही.

शैक्षणिक कर्ज मिळते ते मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला. कॅमेऱ्याला किंवा हौसेच्या सफरीला नव्हे. म्हणून आधी पदवी पक्की करावी. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन होते. गोव्याला दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे, आणि गोवा विद्यापीठातही सागरविज्ञान शिकता येते. पाण्यात उतरायला शिकायचे, तर मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र पावसाळ्यात आपला समुद्र गढूळ आणि खवळलेला असतो. वर्षातले चार महिने या कमाईला सुटी, हे गृहीत धरूनच गणित मांडावे. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. तेवढ्यात कोणी नामवंत चित्रपटकार होत नाही. शिकवण्याचे, संकलनाचे, सर्वेक्षणाचे असे एखादे नियमित काम हाताशी हवे. एका पायावर उभ्या राहणाऱ्या धंद्याला आम्ही कधी कर्ज दिले नाही.

महागड्या उपकरणांची धास्ती मात्र घेऊ नये. २०२१ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या ‘माय ऑक्टोपस टीचर’चा नायक क्रेग फॉस्टर कुठल्या दूरच्या महासागरात गेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेत घराजवळच्या थंड पाण्यात तो जवळजवळ रोज, वर्षभर उतरत राहिला आणि एका ऑक्टोपसची ओळख करून घेतली. तसे ऑक्टोपस मुंबईच्या खडकांतही आहेत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही तरुण मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन ते दाखवतात. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे कित्येक मुंबईकरांना २०२० मध्ये कळले. किनारी रस्त्याच्या कामासाठी ते हलवण्याची वेळ आली तेव्हा! जे आहे हेच ठाऊक नाही, ते गेल्याचे दुःख कोणाला होणार?

आणि वेळासचे उदाहरण तर आपल्या घरचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले हे लहानसे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी जी अंडी चोरीला जात, ती जपली जाऊ लागली. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरांतून माणसे येऊ लागली, गावातल्या घरांनी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली, आणि कासव राखणे हा गावाच्या पोटापाण्याचा भाग झाला. ‘याला भवितव्य आहे का?’ या प्रश्नाचे एक उत्तर वेळासच्या वाळूत आहे.

पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक पालक पुण्याचे, ठाण्याचे, दादरचे. कोळीवाड्यातला बाप अजून आलेला नाही.

कोकणातल्या एका बंदराच्या गावी मी काही वर्षे होतो. यांत्रिक नौकांची कर्जे हे माझे काम. अर्जदार तांडेल टेबलापुढे गप्प बसत. पण नौकेची तपासणी करायला मी धक्क्यावर गेलो, की तेच बोलू लागत. पाण्याचा रंग, पक्ष्यांचा थवा, वाऱ्याची कूस यांवरून कोणता मासा कुठे असेल ते सांगत. उधाणाची भरती कोणत्या तिथीला आणि भांगाची कोणत्या, हे त्यांना पंचांग न उघडता ठाऊक असे. आमच्या छापील अर्जात ‘शिक्षण’ या रकान्यात मात्र त्यांच्यापुढे ‘चौथी’ लिहिले जाई आणि बाकीच्या ज्ञानाला रकानाच नसे.

तो रकाना आजही नाही. समुद्रावरचा चित्रपट काढायला शहरातला चमू येतो तेव्हा मासा कुठे भेटेल हे सांगणारा माणूस गावचाच असतो. त्याला दिवसाचा रोज मिळतो. चित्रपटाच्या शेवटी नावे सरकतात, त्यांत त्याचे नाव शोधावे लागते. त्याच्या मुलीकडे मात्र या धंद्याचे निम्मे भांडवल जन्मतःच असते. जे शहरातल्या मुलाला पाच वर्षे शिकावे लागते, ते तिने परड्यात जाळी विणता विणता ऐकलेले असते. तिला हवी आहे ती पदवी, कॅमेऱ्याची ओळख आणि ‘तुलाही हे करता येईल’ असे म्हणणारा एखादा शिक्षक.

हे अवघड नाही. मच्छीमार सहकारी संस्थांनी दरवर्षी गावातल्या एका मुलीची किंवा मुलाची या शिक्षणाची फी उचलावी. किनाऱ्यावरच्या शाळांनी महिन्यातला एक ओहोटीचा दिवस वर्गाबाहेर घालवावा आणि त्या दिवशी शिकवायला गावातल्या जुन्या तांडेलाला बोलवावे, मानधन देऊन. खडकांतल्या जीवांची कोळी बायकांच्या तोंडी असलेली नावे मुलांनी वहीत उतरवून घ्यावीत. मराठीत समुद्रावरचे चांगले चित्रपट व्हायचे, तर आधी ते शब्द टिकायला हवेत.

आणि शहरातल्या पालकांनो, तुमच्या मुलीला जरूर जाऊ द्या. फक्त निघताना एक सांगा. ज्याच्या होडीतून तू जाशील, त्याच्या पोरीलाही कॅमेऱ्यातून एकदा पाहू दे.